नामशेष : प्रागचे यहुदी संग्रहालय आणि यादीचे वाङ्मय

संग्रहालय ‘पाहायचे’ असते, असे आपली भाषा सांगते. मूर्ती, चित्रे, नाणी, शस्त्रे यांच्यावरून नजर फिरवीत जावे, मनाला भावेल तेथे क्षणभर थबकावे, खाली लावलेल्या चिठ्ठीवर ओझरता दृष्टिक्षेप टाकावा आणि पुढे व्हावे, असा बहुतेकांचा परिपाठ असतो. प्रागच्या यहुदी संग्रहालयात हा परिपाठ चालत नाही. तेथील वस्तू देखण्या आहेत. परंतु त्या केवळ पाहिल्याने कळत नाहीत. त्यांच्यावर कोरलेले, जरीने भरलेले, शाईने लिहिलेले शब्द वाचावे लागतात. आणि ज्या वास्तूपाशी प्रत्येक प्रवासी अखेर येऊन ठेपतो, तिच्या मुख्य दालनात तर वस्तू जवळजवळ नाहीतच. भिंती आणि भिंतींवरील नावे एवढेच आहे. कलेचा, इतिहासाचा आणि संस्कृतीचा संग्रह म्हणून या संग्रहालयाचे वर्णन पुष्कळदा झाले आहे. येथे त्याचा विचार थोड्या निराळ्या अंगाने करावयाचा आहे. हे मुळात याद्यांचे घर आहे. आणि यादी हा साहित्यप्रकार होऊ शकतो काय, झालाच तर कोणत्या अटीवर, हा प्रश्न ते वाचकापुढे उभा करते.

प्रथम स्थळाविषयी. हे संग्रहालय एका इमारतीत नाही. व्ल्टावा नदीच्या वळणावर, प्रागच्या जुन्या शहराला लागून योझेफोव नावाची वस्ती आहे. यहुद्यांवरील काही निर्बंध सैल करणाऱ्या सम्राट दुसऱ्या योझेफचे नाव १८५० साली तिला देण्यात आले. या वस्तीत १५३५ चे पिंकास, १५९२ चे माइझेल, १६९४ चे क्लाउझेन आणि १८६८ चे ‘स्पॅनिश’ म्हणून ओळखले जाणारे अशी चार सभास्थाने, अंत्यसंस्कार करणाऱ्या मंडळाची वास्तू आणि जुनी दफनभूमी मिळून हे संग्रहालय झाले आहे. ‘सभास्थान’ हा शब्द मराठी बायबलाने आपल्याला दिला. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्राएलांचे एखादे प्रार्थनामंदिर ज्याने आतून पाहिले असेल, त्याला प्रागमध्ये मांडणी ओळखीची वाटेल: जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीला पवित्र कपाट, त्यात तोरेच्या, म्हणजे नियमशास्त्राच्या गुंडाळ्या, पुढे पडदा, आणि वाचनासाठी उंच चौथरा. मुंबईत ही भिंत पश्चिमेची असते, प्रागमध्ये पूर्वेची. फरक आहे तो असा की प्रागच्या त्या चारही वास्तूंत प्रेक्षक आले, आणि ज्यांच्यासाठी त्या बांधल्या तो समाज मूठभर उरला.

संग्रहालयाची स्थापना १९०६ सालची. इतिहासकार सालोमोन हुगो लीबेन आणि यहुदी समाजातील एक पुढारी आउगुस्ट श्टाइन हे तिचे प्रवर्तक. त्यांना हे सुचण्याचे कारण युद्ध नव्हते, नगरसुधारणा होती. १८९३ च्या कायद्यान्वये प्रागच्या जुन्या यहुदी वस्तीची ‘स्वच्छता’ करावयाचे ठरले आणि १८९६ पासून तेथील बोळ, चौक, घरे जमीनदोस्त होऊ लागली. सहा सभास्थाने, नगरगृह आणि दफनभूमी वगळता फारसे काही उरले नाही. १८८३ साली याच वस्तीच्या कडेला जन्मलेल्या फ्रान्झ काफ्काचे बालपण आणि तारुण्य या पाडापाडीच्या धुळीत गेले. पाडलेल्या सभास्थानांतील चांदीची पात्रे, पडदे, ग्रंथ कोठे तरी ठेवले पाहिजेत, एवढ्या साध्या गरजेतून संग्रहालय जन्मले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्याच्याकडे हजाराच्या आसपास वस्तू होत्या. तोपर्यंत युरोपातील अशा अनेक लहान संग्रहालयांपैकी ते एक होते.

यापुढील भाग वाचताना मात्र सावध राहावे लागते. १९३९ च्या मार्चमध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. १९४१ च्या नोव्हेंबरात टेरेझीन या जुन्या किल्ल्याच्या गावात यहुद्यांना कोंडण्यास आरंभ झाला, आणि तेथून पूर्वेकडे, मृत्युछावण्यांकडे, गाड्या सुटू लागल्या. गावामागून गावे रिकामी झाली. माणसे गेली, पण सभास्थानांतील पडदे, मुकुट, दिवे, ग्रंथ जागच्या जागी राहिले. त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न १९४२ साली प्रागच्या यहुदी मंडळातील विद्वानांनी एस. एस.च्या अधिकाऱ्यांपुढे मांडला आणि सर्व वस्तू प्रागच्या संग्रहालयात एकत्र आणण्याची योजना सुचविली. अधिकाऱ्यांनी ती मान्य केली. बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतील १५३ यहुदी समाजांच्या वस्तू प्रागमध्ये येऊ लागल्या आणि हजाराच्या संग्रहाचे पाहता पाहता हजारोंचे भांडार झाले. आज संग्रहालयाजवळ सुमारे ४०,००० वस्तू आणि सुमारे १,००,००० ग्रंथ आहेत. त्यांतील फार मोठा भाग या काही वर्षांत गोळा झालेला आहे.

नाझींना येथे ‘नामशेष झालेल्या वंशाचे संग्रहालय’ उभारावयाचे होते, असे सर्रास सांगितले जाते. हा शब्दप्रयोग त्या काळच्या कागदपत्रांत आढळत नाही, असे नंतरच्या संशोधकांनी दाखविले आहे. अधिकाऱ्यांच्या मनात प्रचाराचा हेतू होता, लुटीचा होता, की दोन्ही एकत्र होते, यावर एकमत नाही. विद्वानांचा हेतू मात्र स्पष्ट होता. ज्या गावी कोणी परतणार नाही अशी भीती त्यांना वाटू लागली होती, त्या गावाचे निदान नाव एखाद्या वस्तूला चिकटून राहावे, असे त्यांना वाटत होते. म्हणून ते सूची करीत बसले. प्रत्येक वस्तूसाठी एक पत्रक; त्यावर जर्मन भाषेत वस्तूचे वर्णन, तिचे गाव आणि क्रमांक. कोसित्से येथील संग्रहालयाचा अनुभव असलेले योझेफ पोलाक, ग्रंथपाल टोबियास याकोबोविट्स, रंगभूमीचे नेपथ्यकार फ्रांटिशेक झेलेंका, कलेतिहासकार हाना वोलावकोवा ही त्या कामावरील काही नावे. त्यांनी १९४२ च्या अखेरीस उच्च सभास्थानात हिब्रू हस्तलिखिते आणि मुद्रित ग्रंथ यांचे, आणि १९४३ साली क्लाउझेनमध्ये यहुदी सण आणि संस्कार यांचे प्रदर्शन मांडले. ही प्रदर्शने लोकांसाठी खुली नव्हती. पाहणारे होते ते एस. एस.चे अधिकारी. लीबेन १९४२ साली प्रागमध्येच वारले. याकोबोविट्स १९४४ च्या ऑक्टोबरात आउश्वित्झला पाठविले गेले. पोलाक आणि झेलेंका यांचाही अंत ओढवला. वोलावकोवा वाचल्या, आणि युद्धानंतर संग्रहालयाची धुरा त्यांच्याकडे आली.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वेळी, दोन याद्या तयार होत होत्या. एक रवानगीची. तिच्यात माणसाच्या नावापुढे गाडीचे अक्षर आणि एक क्रमांक पडे, आणि त्यानंतर नावाला काम उरत नसे. दुसरी संग्रहालयाची. तिच्यात वस्तूला क्रमांक पडे, तो ती वस्तू हरवू नये म्हणून. दोन्हींचे बाह्य रूप जवळजवळ सारखे: रकाने, आकडे, टंकलिखित जर्मन. अनेकदा दोन्ही याद्यांत एकच माणूस असे, एकीत लिहिणारा म्हणून आणि दुसरीत लिहिला गेलेला म्हणून. यादी ही स्वभावतः निर्विकार असते. तिच्यात दया नसते आणि क्रौर्यही नसते. ती कोणासाठी आणि कशासाठी केली, यावर तिचा अर्थ ठरतो. साहित्यसमीक्षेत आपण रूप आणि आशय यांची एकरूपता मानून चालतो. प्रागच्या या दोन याद्या त्या समजुतीला मोठीच अडचण निर्माण करतात, असे मला वाटते.

आता वस्तूंकडे वळू. या संग्रहाचे वैभव म्हणजे सभास्थानांतील वस्त्रे. पवित्र कपाटापुढचे पडदे मखमल, रेशीम, किनखाब यांचे असून सोळाव्या शतकापासूनचे नमुने त्यांत आहेत. खांब, द्राक्षवेली, सिंह, मुकुट अशी आकृतिबंधांची परंपरा ठरलेली असते. परंतु डोळ्यांनी ती टिपून पुढे जाणाऱ्याच्या हातून मुख्य गोष्ट निसटते. पडद्यावर मोठ्या हिब्रू अक्षरांत लेख असतो: अमुक याचा मुलगा तमुक आणि त्याची पत्नी, अमुक याची मुलगी, यांनी हा अमुक वर्षी अर्पण केला. कित्येकदा ते वर्षही सरळ आकड्यांत नसते. एखाद्या शास्त्रवचनातील काही अक्षरे ठळक केलेली असतात आणि हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येचे मूल्य असल्यामुळे त्यांची बेरीज म्हणजे ते वर्ष. आपल्याकडील जुन्या ग्रंथांत ‘वेद’, ‘बाण’, ‘चंद्र’ अशा शब्दांतून शक सांगत, त्याची येथे आठवण व्हावी. वचन वाचल्याखेरीज काळ कळत नाही आणि बेरीज केल्याखेरीज वचन पुरे होत नाही.

याहून साधी, आणि माझ्या मते याहून बोलकी वस्तू म्हणजे तोरेची गुंडाळी बांधावयाचा लांब कापडी पट्टा. मध्य युरोपातील यहुद्यांत अशी चाल होती की मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याला ज्या कापडात गुंडाळीत, तेच कापड नंतर पट्ट्या कापून लांबीने जोडावयाचे आणि त्यावर भरतकामाने मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मदिवस आणि एक आशीर्वाद लिहावयाचा: तोरेसाठी, विवाहमंडपासाठी आणि सत्कर्मांसाठी हा वाढो. पुढे तो पट्टा सभास्थानाला दिला जाई. बाळंतपणाचे कापड आणि धर्मग्रंथ यांची अशी गाठ घालणारी कल्पना सामान्य स्त्रियांच्या हातून आली असावी, असा तर्क करण्याचा मोह होतो. अक्षरे वेडीवाकडी असतात, शेवटी जागा न पुरल्याने दाटीवाटी झालेली असते, एखाद्या अक्षराला शेपटी फुटून तिचा पक्षी झालेला असतो. कलेच्या इतिहासात या पट्ट्यांना दुय्यम स्थान मिळाले तर नवल नाही. परंतु शेकडो पट्टे एकत्र आले की एका गावाच्या जन्माची नोंदवहीच उलगडते. कोणत्याही सरकारी दप्तराने जे टिपले नसेल, म्हणजे आईबापांची अपेक्षा, ते त्यात टिपलेले असते.

चांदीच्या वस्तूंविषयी थोडक्यात सांगतो. तोरेवर बोट टेकवावयाचे नसते म्हणून ओळ दाखविण्यासाठी चांदीची काडी वापरतात. तिच्या टोकाला तर्जनी पुढे केलेला चिमुकला हात असतो. अशा काड्या या संग्रहात मोठ्या संख्येने आहेत. एक काडी पाहिली तर कारागिरीचे कौतुक वाटते. ओळीने अनेक पाहिल्या तर प्रथम कंटाळा येतो, आणि मग ध्यानात येते की प्रत्येक हात एका निराळ्या गावातील ओळ दाखवीत होता. संग्रहालयशास्त्राचे जाणकार एकसारख्या वस्तूंची गर्दी टाळावी असे सांगतात. मला मात्र प्रागसारख्या संग्रहात ही गर्दीच अधिक प्रामाणिक वाटते. निवडक ‘उत्कृष्ट नमुना’ काचेत ठेवला की तो कलाकृती होतो आणि त्याचे गाव चिठ्ठीपुरते उरते.

जुन्या दफनभूमीत शिरल्यावर हे वाचन वेगळे वळण घेते. पंधराव्या शतकाच्या आरंभापासून १७८७ पर्यंत येथे दफन होत असे. जागा वाढविता येईना, म्हणून जुन्या थडग्यांवर माती घालून नवे थर चढविले गेले आणि खालच्या थरांतील शिळा वर उचलून नव्यांच्या शेजारी उभ्या केल्या गेल्या. त्यामुळे सुमारे १२,००० शिळा एकमेकींवर रेलून, कलून, खांद्याला खांदा लावून उभ्या आहेत. शिळांवर मृताचे नाव, तिथी आणि गुणवर्णन असते. पुरोहितकुळातील असल्यास आशीर्वाद देणारे दोन हात, लेवी असल्यास पाण्याची झारी. इतिहास आणि ज्योतिष यांचा अभ्यासक डेव्हिड गान्स याच्या शिळेवर हंसजातीचा पक्षी आहे, कारण त्याच्या आडनावाचा अर्थच तो. शेजारी षट्कोनी तारा. नाव वाचता न येणाऱ्यालाही नाव कळावे अशी ही सोय आहे.

येथील सर्वांत जुनी शिळा १४३९ सालची, रब्बी अविग्दोर कारा यांची. साहित्याच्या दृष्टीने हा योगायोग लक्षणीय आहे, कारण कारा हे कवी होते. १३८९ च्या ईस्टरमध्ये प्रागच्या यहुदी वस्तीवर जमाव चालून आला आणि तेथे मोठी कत्तल झाली. त्या घटनेवर त्यांनी हिब्रूत एक विलापिका रचली आणि प्रागच्या जुन्या-नव्या सभास्थानात प्रायश्चित्ताच्या दिवशी ती म्हणण्याचा प्रघात पडला. मध्ययुगीन हिब्रू विलापिकेला एक तयार चौकट असे. जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस हे मूळ दुःख, आणि पुढचे प्रत्येक दुःख त्याची पुनरावृत्ती. कवीला नवे शब्द शोधावे लागत नसत. ‘विलापगीता’ची आणि स्तोत्रांची भाषा त्याच्या ओठांवर असे, आणि ऐकणाराही ती ओळखी. दुःख मोठे असले तरी त्याला ठेवावयाला जागा होती.

पाचशे वर्षांनंतर ही जागा पुरेनाशी झाली. दफनभूमीला लागूनच पिंकास सभास्थान आहे. १९५४ ते १९५९ या काळात वात्स्लाव बॉश्तीक आणि यिर्झी योन या दोन चित्रकारांनी त्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया येथील ७७,२९७ बळींची नावे हाताने लिहिली. चित्रकारांनी चित्र न काढता नावे लिहिली, ही एकच गोष्ट कलासमीक्षकांना पुष्कळ काळ विचार करायला लावणारी आहे. रचना अशी: प्रथम गाव, मग वर्णानुक्रमे आडनाव, मग त्या आडनावाखाली एकेकाचे नाव, जन्मतारीख आणि शेवटची तारीख. गावे आणि आडनावे वेगळ्या रंगांत असल्यामुळे दुरून पाहता भिंतीवर एखाद्या वस्त्राचा पोत दिसतो. जवळ गेल्यावर तो पोत विरतो आणि एकेक नाव वेगळे होते.

शेवटची तारीख बहुधा मृत्यूची नाही. मृत्यूची नोंद छावणीने ठेवली नाही किंवा नष्ट केली. म्हणून ज्या दिवशी तो माणूस जिवंत असल्याचा शेवटचा पुरावा आहे तो दिवस, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत पूर्वेकडे रवानगीचा दिवस, येथे लिहिलेला आहे. हा पुरावा रवानगीच्या कागदांतून मिळाला. स्मरणाची यादी ज्या साहित्यातून तयार झाली, त्यात मारेकऱ्यांच्याच दप्तराचा मोठा वाटा आहे. एकाच आडनावाखाली पाच-सहा नावे आणि सर्वांपुढे एकच अंतिम तारीख दिसली, की एक कुटुंब एकाच गाडीत चढले, हे वाचकाला आपोआप समजते. जन्मतारखेतून वजाबाकी तो स्वतःच करू लागतो. भिंत त्याला काहीच सांगत नाही. तो तिला बोलायला लावतो.

आपल्या भाषेत ‘नामशेष’ असा शब्द आहे. ज्याचे नाव तेवढे उरले तो नामशेष. व्यवहारात मात्र आपण तो ‘समूळ नष्ट झालेला’ याच अर्थाने वापरतो, जणू नाव उरणे म्हणजे काहीच न उरणे. पिंकासच्या भिंतीपुढे हा शब्द आपला मूळ अर्थ परत मागतो. तेथे नाव उरले आहे, आणि ते उरावे म्हणून फार कष्ट पडले आहेत. १९६८ साली भिंतींत पाणी मुरत असल्यामुळे सभास्थान बंद करण्यात आले. ते सुमारे पाव शतक बंद राहिले आणि दरम्यान नावांचे लेखन नष्ट झाले. राजवट बदलल्यावर, १९९२ ते १९९६ या काळात, सर्व नावे पुन्हा लिहिण्यात आली. २००२ च्या ऑगस्टमध्ये व्ल्टावेला आलेल्या पुराने त्यांतील काहींची हानी केली आणि तीही दुरुस्त करावी लागली. दगडात कोरलेला लेख एकदाच कोरला जातो. भिंतीवर रंगाने लिहिलेले नाव प्रत्येक पिढीने पुन्हा लिहावे लागते.

आता या भिंतीला साहित्य म्हणावे काय? काव्यात निवड असते. कवी हजारांतून एकाला उचलतो आणि त्याच्या द्वारा हजारांना पाहतो. भिंतीने निवड नाकारली आहे. वर्णानुक्रम हा सर्वांत निःपक्षपाती, आणि म्हणून सर्वांत निःकाव्य, क्रम होय. विद्वान, दुकानदार, तान्हे मूल यांत तो भेद करीत नाही. या नकारातच तिची नैतिक ताकद आहे. परंतु तिची मर्यादाही त्यातच आहे. नाव उरते, पण त्या नावाचा माणूस कसा हसे, काय खाई, कोणाशी भांडे, हे उरत नाही. संस्कृतात मृताविषयी ‘नामशेष’ जसा आहे, तसा ‘कथाशेष’ हाही शब्द आहे. भिंत नामशेषापर्यंत नेऊन थांबते. तेथून पुढचे काम कथेचे.

ते काम ज्याने केले तो लेखक या संग्रहालयाचाच कर्मचारी होता. यिर्झी वाइल यांचा जन्म १९०० सालचा. रवानगीचा हुकूम आल्यावर आत्महत्येचा देखावा करून ते लपून राहिले आणि वाचले. १९४९ साली त्यांची ‘ताऱ्यासह जीवन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात योझेफ रौबिचेक नावाचा बँकेतील एक माजी कारकून रवानगीची वाट पाहत दिवस काढतो. या कादंबरीत ‘जर्मन’ किंवा ‘नाझी’ हे शब्द येत नाहीत. अत्याचारी केवळ ‘ते’ असतात. पिंकासच्या भिंतीच्या नेमकी उलट ही युक्ती आहे: बळींना प्रत्येकी नाव, आणि मारणाऱ्यांना नावच नाही. तत्कालीन साम्यवादी समीक्षकांना ही कादंबरी निराशावादी वाटली आणि वाइल यांची लेखक म्हणून कोंडी झाली. १९५० च्या दशकात ते यहुदी संग्रहालयात काम करीत होते. भिंतीवर नावे चढत होती तेव्हा ते तेथे होते.

१९५८ साली त्यांनी ‘७७,२९७ बळींसाठी विलापिका’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. शीर्षकातील आकडा भिंतीवरचाच आहे. विलापिकेच्या नावात पाच अंकी संख्या घालणे हे कोणत्याही काव्यशास्त्राला औचित्याचा भंगच वाटेल. परंतु हाच त्या कृतीचा गाभा आहे. तिच्यात तीन सूत्रे आळीपाळीने येतात: एक शोक करणारा लयबद्ध गद्याचा स्वर, दुसरा वृत्तांताचा, ज्यात अमुक माणसाचे अमुक दिवशी काय झाले ते एक-दोन वाक्यांत, विशेषणाशिवाय सांगितलेले असते, आणि तिसरी शास्त्रवचने. अविग्दोर कारा यांच्या काळी पहिले आणि तिसरे सूत्र पुरेसे होते. वाइल यांना दुसरे लागले, कारण या वेळी शोक करावयाच्या घटनेने स्वतःच कार्यालयीन भाषा धारण केली होती. त्या भाषेला टाळून केलेला विलाप खोटा वाटला असता, आणि केवळ तीच वापरली असती तर विलाप झाला नसता. वृत्तांत आणि स्तोत्र यांना एकमेकांशेजारी ठेवून, त्यांतील फट न बुजवता, वाइल यांनी मार्ग काढला. ही फट ज्यांना रचनेचा दोष वाटते, त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही.

हिब्रूत ग्रंथाला ‘सेफेर’ म्हणतात, संख्येला ‘मिस्पार’, कथेला ‘सिप्पूर’, आणि तोरा लिहिणाऱ्या लेखनिकाला ‘सोफेर’. हे सारे शब्द एकाच मूळ व्यंजनत्रयीतून निघाले आहेत. मोजणे आणि सांगणे यांचे हे नाते आपल्याला परके नाही: ‘संख्या’ आणि ‘आख्यान’ हे दोन्ही ‘ख्या’ या एकाच धातूचे. वाइल यांचे शीर्षक हे नाते पुन्हा जोडते. संख्या सांगावयाची तर ती आख्यानासह, आणि आख्यान सांगावयाचे तर संख्या विसरता कामा नये.

त्यांची शेवटची कादंबरी ‘छपरावर मेंडेल्सझोन’ त्यांच्या मृत्यूनंतर, १९६० साली निघाली. प्रागच्या संगीतभवनाच्या छपरावरील संगीतकारांच्या पुतळ्यांतून यहुदी मेंडेल्सझोनचा पुतळा काढून टाकण्याचा हुकूम येतो. पण कोणता पुतळा कोणाचा हे कोणालाच माहीत नाही. वंशशास्त्राच्या शिकवणुकीनुसार सर्वांत मोठे नाक असलेला पुतळा मजूर पाडू लागतात, आणि तो निघतो नाझींच्या आवडत्या वाग्नेरचा. ही विनोदी आख्यायिका सगळीकडे उद्धृत होते. परंतु त्याच कादंबरीत डॉ. राबिनोविच हा विद्वानही आहे, जो यहुद्यांच्या वस्तू त्यांच्या शत्रूंसाठी व्यवस्थित मांडून देत आहे आणि आपण रक्षण करीत आहोत की विटंबना, हे ज्याला ठरविता येत नाही. संग्रहालयाच्या युद्धकालीन इतिहासाचे सर्वांत सूक्ष्म विवेचन या पात्रात सापडते, असे माझे मत आहे.

टेरेझीनमधील मुलांच्या चित्रांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि त्यांच्याविषयी लिहिणे सर्वांत कठीण. वायमारच्या बाउहाउसमध्ये शिकलेल्या चित्रकर्त्री फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी तेथे गुप्तपणे मुलांना चित्रकला शिकविली. १९४४ च्या ऑक्टोबरात त्यांची आउश्वित्झला रवानगी झाली; तत्पूर्वी त्यांनी मुलांची चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवली होती. युद्धानंतर त्या पेट्या प्रागला आल्या. संग्रहालयात अशी सुमारे ४,५०० चित्रे आहेत. चित्राखाली आपले नाव लिहावयाचे, असा बाईंचा आग्रह असे. टेरेझीनमध्ये ज्याला गाडीचा क्रमांक चिकटला होता, अशा मुलाने आपल्या हाताने आपले नाव लिहिले, म्हणून आज कोणते चित्र कोणाचे हे पुष्कळदा सांगता येते.

ही चित्रे आणि टेरेझीनमधील कविता १९५९ साली हाना वोलावकोवा यांनी पुस्तकरूपाने आणल्या आणि ते पुस्तक जगभर गेले. त्यातील फुलपाखरावरची पावेल फ्रीडमन यांची कविता लहान मुलाची म्हणून अनेक ठिकाणी छापली जाते. ती १९४२ च्या जूनमध्ये लिहिली तेव्हा फ्रीडमन एकवीस वर्षांचे होते. ‘मुलाची कविता’ म्हटले की वाचक डोळे पुसतो आणि कवितेची घडण पाहण्याची जबाबदारी टळते. मृताला त्याचे वय परत देणे हे समीक्षेचे काम आहे, जसे त्याचे नाव परत देणे हे भिंतीचे.

१९५० साली हे संग्रहालय सरकारी झाले आणि १९९४ मध्ये ते यहुदी समाजाकडे परत आले. मधल्या काळातील एक घटना या विषयाशी निगडित आहे. देशभरातून आलेल्या तोरेच्या गुंडाळ्या प्रागच्या मिख्ले या उपनगरातील एका जुन्या सभास्थानात ओलीत पडून होत्या. १९६४ साली त्यांतील १,५६४ गुंडाळ्या सरकारने विकल्या आणि त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभास्थानात पोहोचल्या. तोरेत ३,०४,८०५ अक्षरे असतात अशी परंपरा आहे. त्यांतील एक जरी पुसले गेले तरी ती गुंडाळी सभेत वाचण्यास अयोग्य ठरते. म्हणून त्या उघडून, तपासून, त्यांची वर्गवारी करण्यात आली, आणि ज्या दुरुस्त होण्याजोग्या होत्या त्यांची अक्षरे लेखनिकांनी अनेक वर्षे बसून पुन्हा भरली. प्रत्येकीला क्रमांक आहे. त्या विकल्या जात नाहीत. निरनिराळ्या देशांतील यहुदी समाजांना त्या उसन्या दिल्या जातात, आणि ज्या गावाची गुंडाळी त्या गावाची आठवण ठेवावी, अशी घेणाऱ्याकडून अपेक्षा असते. ज्यांच्या गावाचा पत्ता लागला नाही, त्यांना लंडनच्या सूचीत ‘अनाथ’ म्हटले आहे.